आपल्या माणसाची मुलाखत

दर रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात कोंढव्यातल्या एका शाळेचा वर्ग आम्हाला मोफत मिळतो. आम्ही म्हणजे पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत वीस-बावीस वर्षे काढलेले चौघे मित्र. एक सोलापूरचा, एक मिरजेचा, एक चिपळूणजवळच्या खेड्यातला आणि एक जालन्याचा. इंजिनिअरिंग झालेल्या किंवा शेवटच्या वर्षात असलेल्या आपल्या मुलामुलींना नोकरीच्या मुलाखतीसाठी तयार करावे, एवढाच या वर्गाचा हेतू. पुढचे लिखाण चौघांच्या बोलण्यातून आले आहे, म्हणून 'आम्ही' असे लिहितो. यात एक कबुलीही आहे. ती आमच्यापैकी एकाची आहे, पण कोणाची ते सांगायचे नाही असे ठरले आहे. कारण त्याने ती सांगितली तेव्हा 'मी असं केलं नसतं' असे उरलेल्या तिघांपैकी एकालाही छातीठोकपणे म्हणता आले नाही.

झाले असे की, मागच्या पावसाळ्यात लातूरकडच्या एका मुलाने वर्गात हात वर केला आणि विचारले, "सर, मुलाखत घेणारा आपला निघाला तर बरं असतं ना?"

वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने उत्तरही देऊन टाकले, "मग काय, सलाम करायचा आणि बसायचं." पुन्हा हशा. आम्ही चौघे मात्र एकमेकांकडे पाहत राहिलो. "पुढच्या रविवारी बोलू," असे म्हणून वेळ मारून नेली. वर्ग सुटल्यावर समोरच्या इराण्याकडे चहाला बसलो, आणि त्या दिवशी दुपारची जेवणे चौघांच्याही घरी थंड झाली.

ज्या वाचकांचा या धंद्याशी संबंध नाही, त्यांच्यासाठी आधी मुलाखत म्हणजे काय ते सांगायला हवे. आपल्या मोहल्ल्यात अजून अशी समजूत आहे की, साहेब समोर बसतो, सर्टिफिकिटे चाळतो, वडील काय करतात ते विचारतो आणि 'कळवू' म्हणतो. सॉफ्टवेअर कंपनीतली मुलाखत ही त्याहून लांब आणि थकवणारी गोष्ट आहे. आधी बायोडाटा गाळला जातो. मग संगणकावर एक परीक्षा. तिच्यातून जे उरतात त्यांच्या एकामागून एक फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी साधारण पाऊण तास ते तासाभराची. समोर एक किंवा दोन इंजिनिअर. ते एक कोडेवजा प्रश्न घालतात आणि उमेदवाराने तो बोलत बोलत, विचार उघड मांडत, प्रोग्राम लिहून सोडवायचा. पूर्वी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहीत, आता बहुतेक वेळा दोघांना एकदम दिसणाऱ्या पडद्यावर. लिंक्ड लिस्ट उलटी करा, बायनरी ट्रीमधला अमुक घटक शोधा, असे प्रश्न. अनुभवी माणूस असेल तर सिस्टीम डिझाइन : लाखो लोक एकाच वेळी तिकिटे काढत असतील तर यंत्रणा कशी रचाल? शेवटी मॅनेजरची फेरी, मग एचआरची. आणि हे सारे संपल्यावर, उमेदवार घरी गेल्यावर, मुलाखती घेणारे एकत्र बसतात आणि घ्यायचा की नाही ते ठरवतात. उमेदवाराच्या नशिबाचा निकाल लागतो तो या शेवटच्या बैठकीत. तिथे तो स्वतः नसतो.

या साऱ्या प्रश्नांना 'अल्गोरिदम'चे प्रश्न म्हणतात. तो शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मीच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला, हे आमच्या वर्गातल्या मुलांना ठाऊक असते आणि त्याचा त्यांना अभिमान वाटतो. वाटू द्यावा. पण मुलाखतीत त्याचे गुण मिळत नाहीत, हेही आम्ही त्यांना सांगतो.

ही परीक्षा नेमके काय मोजते, यावर या धंद्यात कित्येक वर्षे वाद चालू आहे. गूगलमध्ये माणसे भरण्याचे खाते सांभाळणारे लास्लो बॉक यांनी 2013 साली उघडपणे सांगून टाकले की, विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील छापाची कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, आणि मुलाखतीत दिलेले गुण व पुढचे काम यांचा त्यांनी ताळा घातला तेव्हा दोहोंत काही संबंधच आढळला नाही. 2015 साली मॅक्स हॉवेल नावाच्या इंजिनिअरने ट्विटरवर तक्रार केली की, त्याने लिहिलेले 'होमब्रू' हे सॉफ्टवेअर गूगलमधले बहुतेक इंजिनिअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटी करता आली नाही म्हणून त्याला नाकारले. हा किस्सा आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. आपले ते ट्वीट न्यायाचे नव्हते, असे त्याने पुढे स्वतःच लिहिले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आमचे मत विचाराल तर ही परीक्षा बुद्धी थोडी मोजते आणि तयारी पुष्कळ. ज्याला नोकरी न करता तीन महिने घरी बसून रोज चार-चार प्रश्न सोडवणे परवडते, त्याची तयारी होते. ज्याला इंग्रजीत विचार उघड बोलून दाखवायची सवय आहे, तो विचार करणारा वाटतो. आमच्यापैकी सोलापूरचा जो आहे त्याचे वडील यंत्रमागावर चादरी विणत. 2003 साली पहिल्या मुलाखतीत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटल्यावर त्याने नाव, गाव, वडिलांचे नाव, दहावीचे टक्के आणि बारावीचे टक्के सांगितले आणि गप्प बसला. स्वतःविषयी आणखी सांगण्यासारखे काही असते, हेच त्याला माहीत नव्हते. आमच्या घरांत स्वतःविषयी बोलणाऱ्याला 'शेखी मिरवतो' म्हणत. ती नोकरी गेली. त्याचे दुःख आता नाही. पण टेबलाच्या अलीकडे बसलेल्या माणसाची जीभ कशी कोरडी पडते ते चौघांनाही नीट आठवते. निदान आठवते असे आम्हाला वाटत होते.

आता नावाचा प्रश्न. तो टाळून या अंकात या विषयावर लिहिणे म्हणजे लबाडी होईल. 2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक पाहणी छापली. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले; फरक फक्त नावाचा : काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची मुस्लिम नावाची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या सुमारे एक तृतीयांश निघाली. दलित नावाचीही कमी होती, पण इतकी नव्हे. सच्चर समितीचा अहवाल त्याच्या आदल्याच वर्षी, 2006 मध्ये आला होता. त्या दिवसांत आपल्या सभांमधून ही दोन्ही नावे सतत घेतली जात आणि ते रास्तच होते.

पण त्यानंतर दोनच वर्षांनी, 2009 साली, अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची दिल्लीतली तशीच एक पाहणी प्रसिद्ध झाली, तिचे नाव आपल्या सभांमधून कोणी घेत नाही. ती खास सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या नोकऱ्यांविषयी होती. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीच्या नावावरून भेदभाव होत असल्याचा पुरावा तिच्यात मिळाला नाही. मुस्लिम नावावरूनही नाही. आमचा अनुभव या दोन पाहण्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. खोली भाड्याने घेताना नावाने जेवढी दारे बंद झाली, तेवढी कंपनीच्या फाटकाशी झाली नाहीत. या धंद्याचे हे देणे आम्ही मान्य करतो. काम करणारा प्रोग्राम काम करतो आणि मोडका मोडतो. तो कोणी लिहिला हे संगणकाला कळत नाही. मात्र तो निवडणारी माणसे असतात.

आणि आम्ही आता त्या निवडणाऱ्यांत आहोत. येथून पुढे कबुली.

2016 साल. हिंजवडीतली एक कंपनी. नाव सांगण्याची गरज नाही, दोष तिचा नव्हता. एका शनिवारी मुलाखती ठेवलेल्या होत्या. आमच्यापैकी एकाकडे त्या दिवशी पाच उमेदवार होते आणि पाचही जणांना तो एकच प्रश्न विचारत होता. प्रश्न साधा आहे : कार्यालयात दिवसभर बैठका आहेत, प्रत्येकीची सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ दिलेली आहे, तर कमीत कमी किती खोल्या लागतील ते सांगणारा प्रोग्राम लिहा. यात एक अवघड जागा आहे. एक बैठक अकराला संपते आणि दुसरी अकराला सुरू होते. त्यांना एक खोली पुरते की दोन लागतात? घाईत लिहिलेला प्रोग्राम तिथे हमखास एक खोली जास्त सांगतो.

सकाळच्या दुसऱ्या उमेदवाराने नेमकी तीच चूक केली. आमचा मित्र म्हणाला, "बरोबर अकरा वाजता काय होतं, ते एकदा बघ." उमेदवाराने पाहिले, कपाळाला हात लावला, एक ओळ बदलली. उत्तर बरोबर आले. ही फसवणूक नव्हे. अशी हिंट देणे मुलाखतीत धरलेलेच असते. हिंट दिल्यावर माणूस पुढे जातो की नाही, हेही पाहायचे असते.

दुपारचा उमेदवार परभणी जिल्ह्यातला होता. दाढी होती, शर्ट नवा होता, घड्या अजून दिसत होत्या. बायोडाट्यावरचे नाव आमच्या मित्राने आदल्या रात्रीच वाचले होते. मुलगा बसला, त्याने पाणी मागितले, आणि मग इंग्रजीत थोडा अडखळत पण शिस्तीने प्रश्न सोडवू लागला. त्यानेही तीच चूक केली. आमच्या मित्राने विचारले, "हे बरोबर आहे याची खात्री आहे?" मुलगा म्हणाला, "खात्री नाही सर, तपासून सांगतो." आणि तपासू लागला. चार मिनिटे, पाच मिनिटे. आमचा मित्र घड्याळाकडे पाहत राहिला. अकरा वाजता काय होते ते बघ, हे वाक्य त्याच्या ओठावर होते. ते त्याने गिळले. वेळ संपली.

संध्याकाळी निर्णयाची बैठक झाली. कोणी काही बोलण्याआधीच आमचा मित्र म्हणाला, "मुलगा तयार नाही. अवघड जागी अडकला." दुसरी फेरी घेतलेली एक सहकारी म्हणाली, "मला तो चांगला वाटला. माझ्या फेरीत जे येत नव्हतं ते त्याने स्वच्छपणे 'येत नाही' म्हणून सांगितलं. तुमच्याकडे एखादी हिंट दिली असती तर?" ती सहकारी चित्पावन, सदाशिव पेठेतली. आमच्या मित्राने मान हलवली, "नको. माप सगळ्यांना एकच असावं." ती गप्प बसली. ज्याने सर्वांत जास्त कडक बोलायचे त्याचे ऐकायचे, असा अशा बैठकांचा अलिखित रिवाज आहे. चुकीचा माणूस घेण्यापेक्षा बरोबर माणूस सोडलेला परवडतो, असे कंपन्या मानतात. शिवाय 'त्याच्याच' माणसाला तो नाकारतो आहे म्हणजे नक्कीच काही कारण असणार, असेही कोणाच्या मनात आले असेल. मुलगा नाकारला गेला. दुसरा उमेदवार घेतला गेला.

कंपनीच्या बसमध्ये वाकडच्या पुलापर्यंत आमच्या मित्राला स्वतःचा अभिमान वाटत होता. आपण नात्यागोत्याच्या, जातजमातीच्या वर आहोत, असे. पुलावर नेहमीप्रमाणे वाहतूक तुंबली. तेव्हा त्याला सकाळचा उमेदवार आठवला आणि 'माप सगळ्यांना एकच' हे स्वतःचे वाक्य आठवले.

आता हे त्याने का केले? त्याच्या सहा महिने आधी त्याने आपल्या चुलतभावाच्या मुलाचे नाव रेफरल म्हणून दिले होते. कंपन्यांत तशी रीत आहे. ओळखीचा चांगला माणूस सुचवला आणि तो लागला तर बक्षीसही देतात. तो मुलगा आपल्या हिकमतीवर लागला. पण कँटीनमध्ये एक जण हसत म्हणाला, "आता काय, पुढच्या ईदला अर्धा मजला सुट्टीवर!" बोलणारा मित्र होता, मनात काही वाईट नव्हते, शीरखुर्म्याचा डबा सर्वांत आधी तोच उघडतो. आमचा मित्रही हसला. पण ते वाक्य सहा महिने त्याच्या मनात होते आणि त्या शनिवारी ते परभणीच्या मुलाच्या वाट्याला आले.

त्या रविवारी इराण्याकडे आमचा वाद झाला तो यावर. पहिला म्हणाला, "यात गैर काय? न्यायासाठी ठाम उभे राहा, मग ते स्वतःच्या, आईबापाच्या, नातलगांच्या विरुद्ध गेले तरी, असं सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. तू तेच केलंस." हा आधार आपल्याला फार प्रिय आहे. आपले वक्तेही तो अभिमानाने सांगतात. आणि हजरत उमर यांचा दाखला तर ठरलेलाच : शेवटच्या दिवसांत त्यांनी पुढचा खलिफा निवडण्यासाठी सहा जणांची समिती नेमली, मुलगा अब्दुल्ला याला सल्ल्यापुरते बसू दिले, पण खिलाफतीत त्याचा वाटा ठेवला नाही.

दुसरा म्हणाला, "उमर यांच्या हातात सत्ता होती आणि समोर स्वतःचा मुलगा होता. परभणीचा मुलगा याचा कोण होता? याने त्याला आधी पाहिलंही नव्हतं." थोडे थांबून तो म्हणाला, "आणि आयतीत साक्ष खरी द्या असं आहे. आपल्या माणसाविरुद्ध द्या असं नाही. खरी साक्ष आपल्या माणसाच्या बाजूने जात असेल तर ती गिळून टाकायची, हे कुठे लिहिलंय?"

मग तिसऱ्याने दुकानाची गोष्ट काढली. त्याच्या अब्बांचे मिरजेत किराण्याचे दुकान होते. अब्बा सांगत की, बाजारात एक दुकानदार होता, गिऱ्हाइकाला नीट तोलून द्यायचा, पण सख्खा भाऊ आला की पारडे जरा आखडते घ्यायचा, आणि वर चारचौघांत म्हणायचा, 'बघा, माझ्याकडे भावालाही सवलत नाही.' बाजारात त्याचे नाव इमानदार म्हणून झाले होते. अब्बा म्हणत, याचा काटा खोटाच. फक्त खोट भावाच्या घरी जाते, एवढंच. मापात कमी देणाऱ्यांसाठी कुरआनात जी ताकीद आहे, तिच्यात गिऱ्हाईक कोण होते याची सूट नाही.

आम्हाला हे पटले. पण चौथ्याने जे म्हटले ते अधिक टोचले. तो म्हणाला, "तो मुलगा तुझा 'आपला' झाला कसा? त्याचं गाव तुला माहीत नाही, तो नमाज पढतो की नाही माहीत नाही, बरेलवी की देवबंदी माहीत नाही, चांगला की लबाड माहीत नाही. नाव वाचलंस आणि लोक याला माझा माणूस समजतील, असं तुझ्या मनात आलं. म्हणजे तू त्याच्याकडे तुझ्या डोळ्यांनी पाहिलंच नाहीस. जे नाव वाचून अर्ज बाजूला ठेवतात, तेही एवढंच करतात."

बराच वेळ कोणी बोलले नाही. चहा पुन्हा सांगितला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिखाण एकांगी होईल. आमच्यापैकीच आणखी एकाने काही वर्षांपूर्वी मोहल्ल्यातल्या एका मुलाला मुलाखतीच्या आदल्या रात्री फोनवर प्रश्न सांगितला होता. त्या मुलाचे वडील वारले होते, दोन बहिणींची लग्ने बाकी होती. मुलगा लागला. तुम्हाला वाटेल, पुढे तो काम न जमल्याने गेला असेल. तसे झाले नाही. तो उत्तम निघाला. आज एका मोठ्या टीमचा लीड आहे, दोन्ही बहिणींची लग्ने झाली. तो दर ईदला मिठाई घेऊन येतो आणि आमचा हा मित्र ती खाऊ शकत नाही. त्या दिवशी कोणाची तरी जागा गेली. त्याचेही वडील वारलेले असतील, कोणाला ठाऊक. फळ चांगले आले म्हणून काम चांगले होते का? यावर आमचे चौघांचे एकमत झालेले नाही. दोघे म्हणतात, नाही, अमानत कंपनीची होती, ती तू वाटून टाकलीस. एक म्हणतो, ज्यांच्या घरात इंजिनिअर काका-मामा असतात त्यांना हे प्रश्न जेवणाच्या ताटावर फुकट कळतात, मग आपल्या एका पोराला कळला तर आकाश कोसळत नाही. आणि ज्याने ते केले तो काहीच म्हणत नाही.

ताटावरची गोष्ट खोटी नाही. आमचा रविवारचा वर्ग तरी काय आहे? काका-मामा नसलेल्यांना उसने काका-मामा देणे, इतकेच. फरक एवढाच की वर्गाचे दार उघडे आहे. गेल्या वर्षी शेजारच्या वस्तीतली दोन मातंग मुले आणि एक वंजारी मुलगी येत होती, त्यांनाही तेच प्रश्न आणि तोच चहा. फोनवर सांगितलेल्या प्रश्नाला असे दार नव्हते.

या रोगावर काही उपाय आहेत आणि आता बऱ्याच कंपन्या ते करतात. प्रत्येकाला तोच प्रश्न, कोणत्या टप्प्यावर कोणती हिंट द्यायची हे आधी लिहिलेले, आणि बैठकीत तोंड उघडण्यापूर्वी प्रत्येकाने आपले गुण कारणांसह लिहून टाकायचे. अशा आखीव मुलाखती मोकळ्या गप्पांपेक्षा अधिक भरवशाच्या ठरतात, हे मानसशास्त्रज्ञ फार वर्षांपासून सांगत आले आहेत. 'कल्चर फिट नाही' हा शेरा कारण न देता लिहायला आता काही ठिकाणी बंदी आहे. हा शेरा आम्ही पुष्कळ ऐकला आहे. पार्टीत न पिणाऱ्याला, शुक्रवारी दुपारी तासभर बाहेर जाणाऱ्याला, आणि आमच्यात नसलेल्या पण गावाकडच्या मराठीत हसणाऱ्यालाही तो लागलेला पाहिला आहे.

काहींना वाटते की माणूसच बाजूला काढावा आणि निवड यंत्राने करावी. ॲमेझॉनने तसा एक प्रयोग केला होता, आणि 2018 साली रॉयटर्सने त्याची हकीकत छापली. दहा वर्षांत आलेले बायोडाटा यंत्राला शिकवले. त्यांत पुरुषांचे फार होते. यंत्र शिकले की पुरुष बरे, आणि बायकांच्या संस्थांचा उल्लेख असलेले बायोडाटा खाली ढकलू लागले. कंपनीला तो प्रयोग सोडून द्यावा लागला. आमचा तो शनिवारही अशाच कोणत्या तरी यंत्राच्या पोटात गेलेला असणार : परभणी, दाढी नसलेला कागद, शेरा 'तयार नाही'. आणि आता उमेदवारही यंत्राची मदत घेऊन पडद्याआड उत्तरे वाचतात, म्हणून मुलाखत घेणारे त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहतात, कुठे वळतात ते. संशय दोन्हीकडून वाढला आहे. 'खात्री नाही सर, तपासून सांगतो' असे म्हणणारा माणूस आज भेटला तर त्याची किंमत 2016 पेक्षा जास्त आहे.

पण लिहून ठेवलेल्या हिंटांनीही सगळे भागत नाही. तीच हिंट हसून देता येते आणि तीच कपाळाला आठी घालून. पाणी मागणाऱ्याला 'निवांत प्या' म्हणता येते किंवा घड्याळाकडे पाहता येते. ते कोणत्याही तक्त्यात येत नाही. ते ज्याचे त्याने आणि त्याच्या अल्लाने पाहायचे.

पुढच्या रविवारी लातूरच्या मुलाला आम्ही उत्तर दिले. म्हणजे सारी हकीकतच सांगितली, कोणाची ते सोडून. मागच्या बाकावरची मुलगी हसली नाही. लातूरचा मुलगा थोडा वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे सर, आपला निघाला तर जास्त भ्यायचं?" त्याला आम्ही सांगितले की बाबा, तू भिऊ नकोस, तुझे काम प्रश्न सोडवणे, भ्यायचे ते पलीकडे बसणाऱ्याने. तू उद्या पलीकडे बसशील तेव्हा भी. त्याचे समाधान झालेले दिसले नाही. खरे तर त्याला नोकरी हवी होती आणि आम्ही त्याला आमचे ओझे सांगत होतो. मग फळ्यावर बैठकांच्या खोल्यांचा तोच प्रश्न लिहिला आणि सगळ्यांना अर्धा तास दिला. पंधरा मिनिटे झाल्यावर आमच्यापैकी एकाने मोठ्याने सांगितले, "बरोबर अकरा वाजता काय होतं ते एकदा बघा रे." सगळ्यांना एकदम.

त्या कंपनीचा नियम असा होता की नाकारलेला उमेदवार एक वर्षानंतर पुन्हा अर्ज करू शकतो. त्याला थेट पत्र लिहिणे नियमात बसत नव्हते. एचआरकडून ठरलेल्या मजकुराची मेल गेली होती, तेवढीच. 2017 मध्ये वर्ष पूर्ण झाल्यावर आमच्या मित्राने आलेल्या अर्जांत ते नाव शोधले. त्याच्या पुढच्या वर्षीही शोधले. मग त्याने ती कंपनी सोडली.